सरकार आणि भांडवल एकाच होडीत: एका स्वीडिश पंक रेकॉर्डचं प्रकरण

१९८० साली स्टॉकहोममधल्या मिस्टलूर नावाच्या छोट्या कंपनीने एब्बा ग्रोन या तिघा पोरांच्या पंक (म्हणजे कच्चं, बंडखोर रॉक वाजवणाऱ्या) बँडचं एक सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड, बाजारात आणलं. नाव होतं 'स्टातेन ओक कापितालेत', म्हणजे 'सरकार आणि भांडवल'. आज स्वीडनमध्ये पंकचा विषय निघाला की सगळ्यात आधी हेच गाणं ओठांवर येतं. ज्यांनी आयुष्यात कधी कातडी जाकीट घातलं नाही अशा माणसांनाही त्याचं ध्रुवपद पाठ असतं.

गंमत अशी की हे गाणं मुळात या बँडचं नाहीच. ते आठ वर्षं जुनं होतं, एका कलासमीक्षकाने लिहिलेलं होतं, आणि ज्या दाढीवाल्या, लोकरी स्वेटरवाल्या पिढीला पंकवाले उठताबसता नावं ठेवत होते त्याच पिढीचं होतं. याच बँडच्या स्वतःच्या गाण्यांची नावं 'देवाला फाशी द्या', 'पोलिसाला गोळी घाला' अशी. एवढा दारूगोळा घरात असताना उसना घेतलेला बारच सगळ्यात मोठा कसा उडाला? माझ्या मते 'कच्चा, रांगडा आवाज म्हणजेच बंडखोरी' हे समीकरण इथे तपासून बघायला मिळतं, आणि ते पुरतं टिकत नाही.

रोग्सवेद

बँड स्टॉकहोमच्या दक्षिणेकडच्या रोग्सवेद या उपनगरातला. स्वीडिश उपनगरांबद्दल लिहिताना सरसकट 'मिलियन प्रोग्राम'चं, म्हणजे १९६५ ते १९७४ या काळात दहा लाख घरं बांधण्याच्या सरकारी योजनेचं नाव घेतलं जातं. रोग्सवेद त्याच्या आधीचं, पन्नाशीच्या दशकातलं. भुयारी रेल्वे तिथे १९५९ साली पोचली. आपल्याकडे 'पंक झोपडपट्टीतून उगवलं' असं कुणी सांगितलं की ते पटकन खरं वाटतं, पण इथे झोपडपट्टी नव्हतीच. घरात गरम पाणी, इमारतीखाली कपडे धुण्याची सामाईक खोली, अंगणात झोपाळे, जवळ शाळा. सगळं आखून दिलेलं. संध्याकाळी सात वाजल्यानंतर सतरा-अठरा वर्षांच्या पोराने करायचं काय, हे मात्र त्या आराखड्यात कुठे सापडत नव्हतं.

त्यांची तक्रार समजून घेताना हे ध्यानात ठेवायला हवं. लंडनच्या पंकमागे बेकारी होती, राणी होती, वर्गभेदाचा जुना राग होता. रोग्सवेदच्या पोरांपुढे एक सज्जन, हसतमुख, सगळं आधीच ठरवून ठेवलेली व्यवस्था होती. तिच्याशी भांडायचं कसं? ती उलट हात उगारत नाही, फॉर्म भरायला देते.

योआकिम तोस्त्रोम गायचा आणि गिटार वाजवायचा. लेनार्ट एरिकसन, टोपणनाव फ्योदोर, बेसवर. गुन्नार युंगस्टेट, सगळ्यांचा गुर्रा, ड्रमवर. १९७७ साली हे जमलं. तोस्त्रोम तेव्हा वीस वर्षांचा होता, आणि त्याच्या आधीच्या बँडचं नाव इंग्रजी होतं, 'द हेटर्स'. त्याच उन्हाळ्यात, जुलैमध्ये, लंडनचा सेक्स पिस्टल्स हा पंक बँड स्वीडनच्या दौऱ्यावर येऊन गेला. मैफलींबाहेर पंक पोरांना मार बसायचा तो बहुतेक पोलिसांचा नव्हे, 'रागारे' म्हणवणाऱ्या टोळक्यांचा. जुन्या लांबलचक अमेरिकन गाड्या, तेल लावलेले केस आणि पन्नाशीतलं रॉक अँड रोल यांवर जीव टाकणारी ही पोरं. केसांत पिना खोचलेलं कुणी दिसलं की यांचं डोकं फिरायचं. रूड किड्स नावाच्या दुसऱ्या एका स्टॉकहोमी बँडने १९७८ मध्ये या रागारेंना आईवरून शिवी देणारं गाणंच काढलं, इंग्रजीत. 'स्ट्रीट पंक' हा शब्द ऐकला की मला आधी हे आठवतं: रस्त्यावरचा खरा धोका बऱ्याचदा आपल्याच वयाच्या, आपल्याच वस्तीतल्या माणसाचा होता. गाण्यात मात्र शत्रू वरचा निवडायचा असतो, तसा तो निवडला गेला.

नावाची गोष्ट

एब्बा हे स्वीडनमधलं बाईचं साधं नाव, ग्रोन म्हणजे हिरवा. ऐकायला एखाद्या निवृत्त शिक्षिकेचं नाव वाटावं. प्रत्यक्षात तो पोलिसांचा सांकेतिक शब्द. १९७७ च्या मार्चअखेर स्टॉकहोममध्ये नॉर्बर्ट क्र्योखर या पश्चिम जर्मन अतिरेक्याला पकडण्यात आलं. माजी मंत्री आना-ग्रेटा लेयोन यांच्या अपहरणाचा त्याचा बेत होता. १९७५ साली स्टॉकहोममधल्या पश्चिम जर्मन वकिलातीवर हल्ला करणाऱ्यांना देशाबाहेर पाठवण्याच्या प्रकरणात लेयोन यांचा वाटा होता, त्याचा हा सूड. या धरपकडीत 'एब्बा ग्रोन' हा शब्द वापरला गेला आणि वर्तमानपत्रांतून तो सगळीकडे झाला. पोरांनी तो उचलला.

बँडच्या नावांचा इतिहास काढला तर याच्या जोडीचं नाव सापडणं कठीण आहे. 'हेटर्स' हे नाव आपण रागावलो आहोत एवढंच सांगतं. 'एब्बा ग्रोन' म्हटलं की ऐकणारा पोलिसांच्या वायरलेसवर कान लावून बसतो. उसनी वस्तू घेऊन तिचा रोख फिरवायचा, ही या बँडची खोड इथूनच दिसते.

कच्ची रेकॉर्ड

१९७९ साली पहिला अल्बम आला, 'वी आर ओन्ली इन इट फॉर द ड्रग्ज'. नाव इंग्रजी, अमेरिकन संगीतकार फ्रँक झप्पाच्या १९६८ सालच्या अल्बमच्या नावातला 'पैसा' काढून तिथे 'नशा' घातलेली. गाणी मात्र स्वीडिशमध्ये. निर्माता टोनी थोरेन, एल्डक्वार्न या बँडचा बेसवादक.

रेकॉर्ड ऐकताना पहिल्यांदा जाणवतो तो दातओठ खाऊन गाणारा आवाज. तोस्त्रोम सूर धरतो, सोडतो, पुन्हा पकडतो. ड्रम सरळ, गिटारला झिलई नाही, गाणी आटोपशीर. 'देवाला फाशी द्या' यातलंच. 'काय होणार तू?' हा मोठ्यांचा ठेवणीतला प्रश्न घेऊन केलेलं गाणंही यातलं. मला हा अल्बम आवडतो, पण धक्का देण्यासाठी लिहिलेली त्यातली गाणी आज वयस्क वाटतात. स्वीडनसारख्या देशात, जिथे बहुतेक लोक चर्चमध्ये लग्नाला आणि मयतीलाच जातात, तिथे देवाला फाशी द्या म्हटल्याने दुखावणार कोण? शेजारच्या आजी. त्याही ऐकणार नाहीत.

'पोलिसाला गोळी घाला' याचंही तसंच. ओरडायला मस्त, पण गाणं संपलं की हातात काही उरत नाही. ते ओरडणाऱ्या पोराला गोळी घालायची नसते आणि पोलिसालाही ते ठाऊक असतं. दोघांनी मिळून केलेलं नाटक. 'काय होणार तू' मात्र अजून टोचतं, कारण तो प्रश्न सगळ्यांना विचारला गेलेला असतो.

थोरल्या भावाचं गाणं

आता मूळ गाण्याकडे. साठीच्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये डाव्या विचारांची मोठी संगीत चळवळ उभी राहिली, तिला पुढे 'प्रॉग' हे नाव पडलं. इंग्रजी प्रोग्रेसिव्ह रॉकशी तिचं नातं नावापुरतं. स्वतःच्या कंपन्या, स्वतःची वितरणव्यवस्था, 'मूसिकेन्स माक्त' म्हणजे 'संगीताची ताकद' नावाचं स्वतःचं मासिक. १९७४ साली आब्बा या स्वीडिश पॉप बँडने युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली म्हणून पुढच्या वर्षी ती स्पर्धा स्टॉकहोमला आली, तर या मंडळींनी त्याच शहरात तिच्या विरोधात वेगळा महोत्सव भरवला. आब्बा ही त्यांच्या लेखी दुकानदारी होती. स्वीडिशमध्ये रॉक गाता येतं हे सिद्ध करायचं बरंचसं काम या पिढीने केलं, आणि पुढे पंकवाल्यांना ते आयतं मिळालं. हे उपकार पंकवाल्यांनी फारसे मानले नाहीत. उलट बाजूनेही प्रेम नव्हतं: पंक म्हणजे इंग्लंडहून आलेली नवी फॅशन, तीही हिंसेची, असं म्हणणारे प्रॉगवाले पुष्कळ होते.

या चळवळीत ब्लो तोगेत, म्हणजे 'निळी आगगाडी', नावाचा बँड होता. चित्रकार, लेखक, समीक्षक यांचा अड्डा. त्यातल्या कार्ल योहान दे येर याचं एक चित्र १९६७ साली स्टॉकहोमच्या एका गॅलरीतून पोलिसांनी जप्त केलं होतं. जळता राष्ट्रध्वज आणि त्यावर 'ध्वज विटाळा, शस्त्र नाकारा, मातृभूमीला दगा द्या' अशा अर्थाची वाक्यं. त्याला दंड झाला. पंकवाल्यांना मवाळ वाटणाऱ्या या स्वेटरवाल्यांच्या घरातही बरंच काही जळत होतं.

याच बँडच्या लेइफ न्यूलेनने १९७२ च्या 'ब्रुस्तना यार्तान्स होतेल' या अल्बमसाठी एक गाणं लिहिलं. नाव लांबलचक: 'एका हाताला ठाऊक असतं दुसरा काय करतोय'. दान करताना उजव्या हाताचं डाव्याला कळू नये, या बायबलमधल्या वचनाची ही उलटापालट. न्यूलेन पुढे 'दागेन्स न्यूहेतेर' या मोठ्या दैनिकाचा कलासमीक्षक म्हणून ओळखला गेला. मूळ गाणं संथ आहे, थोडं कॅबरेच्या अंगाने जाणारं, फुंकवाद्यांचा साज असलेलं, गालातल्या गालात हसणारं. ऐकणाऱ्याने खुर्चीत बसून मान डोलवावी असं.

त्याचं ध्रुवपद जवळून बघण्यासारखं आहे. खांद्याला खांदा लावून सरकार आणि भांडवल एकमेकांना मदत करतात, दोघं एकाच होडीत बसलेले आहेत. इथपर्यंत हे एखाद्या मंत्र्याच्या भाषणातलं वाक्य शोभेल. स्वीडनला अभिमान वाटायचा तो नेमका याच गोष्टीचा. १९३८ साली साल्टशोबादेन इथे कामगार महासंघ आणि मालकांची संघटना यांनी करार केला, आणि तेव्हापासून 'आपण भांडत नाही, टेबलावर बसून बोलतो' ही देशाची ओळख झाली. परदेशातून लोक ती बघायला यायचे. ध्रुवपद पुढच्या ओळीत वळतं: होडीत ते दोघं बसलेत खरे, पण वल्ही मारून घाम गाळणारे ते नव्हेत. आणि चाबूक फिरतोय तोही त्यांच्या जाड मानेवर नव्हे. म्हणजे होडी गुलामांनी वल्हवायची जुनी गलबतं असतात तसली निघाली. सरकारी गौरवाचं वाक्य जसंच्या तसं घ्यायचं आणि फक्त विचारायचं, वल्ही कोण मारतंय?

त्या ओळींत शिवी नाही, की कुणाला मारायची भाषा नाही. फाशी द्या, गोळी घाला यांपेक्षा मला ही ओळ जास्त धारदार वाटते, कारण तिचं उत्तर ऐकणाऱ्याला स्वतःच द्यावं लागतं आणि ते उत्तर बहुधा 'मी' असतं.

आठ वर्षांत काय घडलं

१९७२ साली हे शब्द हवेतून आले नव्हते. १९६९ च्या डिसेंबरात स्वीडनच्या उत्तर टोकाला एलकेएबी या लोहखनिजाच्या खाणींत संप झाला. सुमारे ५,००० कामगार काम सोडून बसले, फेब्रुवारीपर्यंत. या संपाला त्यांच्याच युनियनची मान्यता नव्हती आणि खाणींची मालकी सरकारची होती, समाजवादी पक्षाच्या सरकारची. मालक सरकार, सरकार कामगारांचं, युनियन सरकारच्या पक्षाची, आणि वेळमापनाच्या घड्याळाखाली पिचलेला खाणकामगार बर्फात बाहेर उभा. 'एकाच होडीत' या ओळीमागे हे दृश्य होतं. पण ते राजकारण वाचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होतं. रोग्सवेदचा तोस्त्रोम तेव्हा बारा वर्षांचा.

पुढच्या काळात मात्र एकेक गोष्ट अशी घडत गेली की जणू कुणी त्या गाण्याला पुरावे गोळा करून देत होतं. १९७३ मध्ये यान गियू आणि पेतेर ब्रात या पत्रकारांनी आयबी प्रकरण उघडकीस आणलं: लष्कराची एक गुप्त यंत्रणा, तिचे सत्ताधारी पक्षाशी लागेबांधे, आणि ती देशातल्याच डाव्यांवर नजर ठेवून होती. तुरुंगात गेले ते पत्रकार. १९७६ साली ४४ वर्षांनंतर समाजवादी पक्ष निवडणूक हरला आणि बिगरसमाजवादी आघाडी आली. खासगी उद्योगाची बाजू घेणारं हे सरकार, पण जहाजबांधणी आणि पोलाद हे धंदे कोसळायला लागल्यावर त्यानेच ते सरकारच्या पदरात घेतले: १९७७ मध्ये गोद्या एका सरकारी कंपनीखाली आणल्या, १९७८ मध्ये पोलाद कारखान्यांची एकत्र कंपनी केली. नफा होता तेव्हा तो मालकांचा, तोटा झाला तेव्हा देशाचा. ही मदत नसती तर हजारो कामगार एका रात्रीत रस्त्यावर आले असते, हेही खरंच. गाण्याला ही बाजू मांडायची नाही, आणि तीन-चार मिनिटांच्या गाण्याकडून ती अपेक्षा मी करणारही नाही.

मग १९८० साल. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत स्वीडनने त्याच्या इतिहासातला सगळ्यात मोठा औद्योगिक संघर्ष पाहिला. संप आणि त्याला उत्तर म्हणून मालकांनी पुकारलेली टाळेबंदी मिळून लाखो कामगार घरी बसले. साल्टशोबादेनच्या टेबलाचे पाय लटपटले. त्याच वर्षी हे सिंगल आलं. बँडने हा मुहूर्त साधला असा माझा दावा नाही. एवढंच म्हणतो की १९७२ मध्ये ज्या ओळीला तळटीप लागली असती ती १९८० मध्ये बेकरीत उभ्या असलेल्या माणसालाही कळत होती.

तिघांनी त्यात काय बदललं

पहिला बदल नावात. 'एका हाताला ठाऊक असतं दुसरा काय करतोय' हे चतुर नाव गेलं आणि ध्रुवपदातले दोन शब्द पुढे आले. नव्या नावात बायबल नाही, कोटी नाही. भिंतीवर स्प्रेने लिहिता येईल असं नाव. न्यूलेनच्या नावाला ऐकणाऱ्याचं थोडं वाचन लागत होतं. एब्बा ग्रोनने ती अट काढून टाकली.

दुसरा बदल वेगात. मूळ गाणं चालतं, हे धावतं. धावताना मूळचा उपरोध पायाखाली येतो आणि मला सुरुवातीला वाटायचं की हे नुकसान आहे. पण उपरोधाला वेळ लागतो, अंतर लागतं. न्यूलेनच्या गाण्यात गाणारा होडीबाहेर, काठावर उभा राहून बघतोय. तोस्त्रोम ध्रुवपदाला येतो तेव्हा तो वल्ह्यावर बसलेला ऐकू येतो. शब्द तेच, पण बोलणारा माणूस बदलला. हे एका अर्थाने फार महत्त्वाचं होतं. प्रॉगवाल्यांनीही उपनगरांवर गाणी केली होती. गोटेबोर्गच्या नॅशनलतिआतर्न या नाटकमंडळींचं 'बार्न आव वोर तीद' १९७८ सालचं, उपनगरातल्या पोरांच्या वाताहतीवरचं, आणि ते चांगलं गाणं आहे. पण ते 'त्या पोरांबद्दल' आहे. रोग्सवेदहून भुयारी रेल्वेने आलेला आवाज वेगळा पडणारच.

तिसरी गोष्ट, ज्याबद्दल समीक्षक कमी लिहितात: ध्रुवपद गाता येतं. दारू पिऊन, गर्दीत, सूर नसताना, अर्धे शब्द विसरूनही गाता येतं. स्वीडिशमध्ये त्या पहिल्या ओळीला एक डुलणारी लय आहे, 'सीदा वीद सीदा', खांद्याला खांदा लावून उभं राहिलं की आपोआप डुलायला लावणारी. सरकार आणि भांडवल खांद्याला खांदा लावून उभे आहेत हे गाताना हॉलमधली पोरंही तशीच उभी असतात. ही खुबी न्यूलेनच्याच शब्दांत होती, फक्त खुर्चीत बसलेल्या श्रोत्यांना ती कळायची सोय नव्हती.

याला कुणी पंकचं सौम्यीकरण म्हणेल. पहिल्या अल्बमच्या तुलनेत हे सिंगल कमी ओबडधोबड आहे, ते घरच्या पार्टीत लावता येतं. आणि म्हणूनच ते अशा घरांत गेलं जिथे 'देवाला फाशी द्या' कधी गेलं नसतं.

अनुदानावरचं बंड

या प्रकरणात एक अवघड जागा आहे आणि ती टाळून पुढे जाणं लबाडी होईल. ज्या सरकारला हे गाणं भांडवलाचा साथीदार म्हणतं त्याच सरकारने स्वीडनमधल्या पोरांच्या हातात वाद्यं दिली. नगरपालिकांच्या संगीतशाळा होत्या. युवा केंद्रं होती. अभ्यासमंडळ म्हणून नोंदणी केली की सरावाच्या खोलीसाठी मदत मिळायची, आणि चार पोरांचा गोंगाट हाही अभ्यास धरला जायचा. १९७४ च्या सांस्कृतिक धोरणात तर संसदेने लिहूनच ठेवलं की बाजारूपणाचे वाईट परिणाम रोखणं हे सरकारचं उद्दिष्ट आहे. बाजाराविरुद्ध गाणं हे सरकारी धोरणाच्या चौकटीत बसत होतं!

मग हे बंड खोटं का? तसं मला वाटत नाही. पण स्वीडिश पंकचा स्वभाव यातून कळतो. लंडनमध्ये सरकार दूर होतं, शत्रू म्हणून सोपं होतं. इथे सरकार सरावखोलीची किल्ली देणारं, दहा वाजता दिवे बंद करायला येणारं, आणि शेवटी १८ वर्षं झाल्यावर लष्करात बोलावणारं. तिघं एकच. त्यामुळे इथला राग घरातल्या माणसावरच्या रागासारखा होता, त्यात आभार आणि चीड एकत्र. दगडफेकीपेक्षा 'तू कुणाच्या बाजूने आहेस?' हा सवाल या नात्यात जास्त लागतो. न्यूलेनचं ध्रुवपद नेमकं तेच विचारत होतं.

लष्कराचं प्रकरण पुढे गाण्यापुरतं राहिलं नाही. बँडचं 'टोटालवेग्रा' नावाचं गाणं आहे. सक्तीची लष्करी सेवा तर नाकाराच, तिच्याऐवजी दिलं जाणारं नागरी कामही नाकारा, अशी संपूर्ण नकाराची भूमिका. स्वीडनमध्ये अशा नकाराला तुरुंगवास होता. ड्रमर गुर्राने तोच मार्ग धरला आणि तो आत गेला. पहिल्या अल्बममधल्या धमक्यांपैकी एकही कुणी अमलात आणली नाही. हे साधं, कंटाळवाणं, कागदावर सही न करण्याचं बंड मात्र एकाने निभावलं.

पुढे

गुर्रा तुरुंगात असताना बाकीच्यांनी वेळ काढायला रिमदिम्पेरिएत, म्हणजे 'अंतराळ साम्राज्य', नावाने वेगळं वाजवायला सुरुवात केली. सोबत स्ट्रू तेरारी नावाचा वादक, जो क्लिप्पान गावच्या क्रिमिनेला यितारेर या स्वीडनमधल्या अगदी सुरुवातीच्या पंक बँडमधून आला होता. १९८१ मध्ये एब्बा ग्रोनचा 'शेर्लेक ओक उप्रूर', म्हणजे 'प्रेम आणि बंड' आला, १९८२ मध्ये बँडच्याच नावाचा तिसरा अल्बम आणि योहान डोनरचा माहितीपट. १९८३ साली बँड बंद. त्या बाजूच्या उद्योगातून इम्पेरिएत हा बँड उभा राहिला आणि ऐंशीच्या दशकात तो मोठा झाला. तोस्त्रोम पुढे एकटा गात राहिला आणि स्वीडनच्या पहिल्या फळीतल्या कलाकारांत गणला जाऊ लागला. 'मूसिकेन्स माक्त' १९८० सालीच बंद पडलं होतं, म्हणजे चळवळीचं मासिक गेलं त्याच वर्षी तिचं एक गाणं तिला हिणवणाऱ्यांच्या तोंडून देशभर पोचायला लागलं.

कच्चेपणाची शर्यत मात्र पुढच्या पोरांनी चालू ठेवली. श्योव्दे गावच्या अँटी सिमेक्सचं १९८३ सालचं 'रेप्ड अ‍ॅस' किंवा स्टॉकहोमजवळच्या मॉब ४७ चं १९८४ सालचं 'शार्नवापेनअताक', म्हणजे 'अण्वस्त्र हल्ला', ही छोटी ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची रेकॉर्ड, ऐकली तर एब्बा ग्रोन म्हणजे भावगीत वाटेल. इंग्लंडच्या डिस्चार्ज या बँडचा तो सरळ, न थांबणारा ठेका उचलून त्यांनी आणखी वेगात नेला. शीतयुद्ध ऐन भरात होतं, आणि बॉम्ब हा विषय किंकाळीनेच सांगता येतो असं त्यांना वाटलं असेल तर चूक नव्हतं. जगभरच्या हार्डकोअरवाल्यांनी, म्हणजे या वेगवान पंकच्या चाहत्यांनी, या रेकॉर्डींची पारायणं केली, जपानपासून ब्राझीलपर्यंत. स्वीडनमधल्या नेहमीच्या माणसाला मात्र त्यातली एक ओळही म्हणता येणार नाही.

ऐकायचं असेल तर माझा क्रम सांगतो. आधी ब्लो तोगेतचं १९७२ चं मूळ, शांतपणे. मग मॉब ४७ ची ती ईपी, आवाज मोठा ठेवून. आणि मग १९८० चं सिंगल. 'देवाला फाशी द्या' मधे कुठेही घाला.